अठरा पट्ट्यांचं बाक

बैलगाडीची चाकं लाकडी होती तेव्हा वैशाखात एक काम ठरलेलं असे. चाकावरची लोखंडी धाव ढिली पडून खडखडायला लागली, की गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करायची, नाहीतर चाकांना ओली पोती गुंडाळायची. लाकूड फुगे आणि धाव पुन्हा गच्च बसे. दोष धावेचा नसे. आतलं लाकूड आक्रसलेलं असे.

परभणीच्या घरी गाडी लावायच्या पत्र्याच्या खोलीत मी सुतारकामासाठी बाक करायला घेतलं, तेव्हा हीच गोष्ट मला नव्यानं शिकावी लागली. पहिलं बाक ऐन श्रावणात केलं होतं. दोन रुंद फळ्या, खाली लोखंडी अँगलची चौकट, आणि दर वीतभर अंतरावर घट्ट आवळलेले स्क्रू. चैत्रातल्या एका दुपारी फटाका फुटावा तसा आवाज झाला. जाऊन पाहतो तर फळी टोकापासून हातभर उभी चिरलेली, आणि त्या चिरेत रुपयाचं नाणं सहज सरकत होतं.

लाकूड म्हणजे ज्वारीच्या कडब्याची पेंढी समजा. हजारो बारीक नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या. या नळ्यांच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या लांब धाग्यांच्या असतात, आणि ते धागे बहुतांशी नळीच्या लांबीच्या दिशेनं जातात. हवेतला ओलावा धाग्यांच्या मधे शिरतो आणि त्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. त्यामुळे नळी जाड होते, पण लांब जवळजवळ होतच नाही. म्हणून पावसाळ्यात दार रुंदीत अडकतं, उंचीत नाही.

रुंदीतही दोन दिशा आहेत, आणि खरी गंमत इथे आहे. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत लाकूड कमी हलतं. वलयांना लागून जाणाऱ्या दिशेत त्याच्या साधारण दुप्पट हलतं. गाभ्याकडून बाहेर जाणारे पेशींचे आडवे किरण पहिल्या दिशेला टाक्यांसारखे धरून ठेवतात, हे त्याचं एक मोठं कारण. सागवान तसं गुणी लाकूड. ओलं असल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वलयांच्या दिशेत सुमारे ५.८ टक्के आक्रसतं, तर गाभा-साल दिशेत सुमारे २.५ टक्केच.

आता आपल्याकडची हवा बघा. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारी ओठ फुटतात इतकी हवा कोरडी होते. ऑगस्टात तीच हवा अंगाला चिकटते. हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा सहा टक्क्यांवर येऊन थांबतो; ८० टक्के असेल तर सोळापर्यंत चढतो. जाड लाकूड सावकाश बदलतं, म्हणून फरक आठ टक्केच धरू. तरीही दोन फूट रुंदीची साधी सागवानी फळी वर्षभरात नऊ मिलिमीटर हलू शकते. माझ्या स्क्रूंनी तिला जागचं हलू दिलं नाही, म्हणून ती फुटली.

दुसऱ्या बाकासाठी लाकूड मिळालं ते जिंतूर तालुक्यातल्या आमच्या पाहुण्यांच्या माळवदाचं. घर उतरवून स्लॅबचं बांधायचं होतं. तुळया आणि सर चुलीच्या धुरानं काळेठिक्कर पडलेले, पण करवत फिरली की आतून मधाच्या रंगाचं सागवान. सत्तर-ऐंशी वर्षं छताखाली वाळलेलं लाकूड विकत शोधून मिळत नाही. गिरणीत नेण्याआधी प्रत्येक तुळई लोहचुंबकानं तपासावी लागली. आत मोडून राहिलेला एक खिळाही करवतीच्या पात्याचे दात घालवतो.

तुळयांच्या फळ्या पाडल्या, फळ्यांच्या पट्ट्या, आणि मग प्रत्येक पट्टी कुशीवर वळवून उभी केली. पट्ट्या चिकटवून केलेल्या जोडलाकडाचं मर्म या वळवण्यात आहे. साध्या फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वलयांच्या रेषा आडव्या दिसतात. पट्टी उभी केली की त्या उभ्या होतात. म्हणजे बाकाच्या रुंदीत आता कमी हलणारी दिशा येते आणि नऊ मिलिमीटरांचे चार होतात. जास्त हलणारी दिशा जाडीत जाते, आणि तीन इंचांच्या जाडीत तिचा काही त्रास नाही. शिवाय गाठ असली तर ती एकाच पट्टीत अडकून राहते. जाडी दुप्पट केली की कडकपणा आठपट होतो, तो फायदा वेगळाच. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन इंच जाड माथ्याचं वजन ५५ किलोच्या आसपास भरतं; रंधा मारताना बाक जागचं हलत नाही.

लहान फळ्यांतून मोठं लाकूड घडवायची ही विद्या जर्मनीतल्या ओटो हेट्झर यांनी १९०६ साली पेटंट घेऊन बांधकामात आणली. त्यांनी फळ्या वाकवून चिकटवल्या आणि लांबरुंद कमानी केल्या. वेरूळच्या १०व्या लेण्यात, ज्याला लोक सुताराचं झोपडं म्हणतात, छताला कमानदार वासे दगडात कोरलेले आहेत. ते पाहताना मला दर वेळी वाटतं, असा लाकडी वासा अखंड झाडातून काढणं किती कठीण गेलं असेल.

चिकटवण्याआधी एक प्रयोग जरूर करा. जुन्या सागवानाच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब सोडा. तो मण्यासारखा गोल बसून राहील. मग तिथेच रंध्याचे दोन हात मारा आणि पुन्हा थेंब सोडा. आता तो पसरून आत मुरेल. सागवानातले तेलकट पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि पाण्याला दूर ठेवतात. आपला पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉलच्या जातीचा, पाण्यात विखुरलेल्या पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच्या कणांचा असतो. पाणी लाकडात मुरलं की कण एकमेकांत मिसळून एकसंध पापुद्रा होतो. जिथे थेंब मुरत नाही, तिथे गोंद धरत नाही. म्हणून रंधा मारला त्याच दिवशी पट्ट्या चिकटवायच्या.

आणि त्याही भल्या पहाटे. उन्हं वर आली की तापलेलं कोरडं लाकूड गोंदातलं पाणी झटकन ओढून घेतं, आणि क्लॅम्प आवळेपर्यंत वर साय धरते. मी अठरा पट्ट्या तीन पहाटांत जोडल्या, दर वेळी सहा. उरलेले दोन तुकडे चिकटवून दुसऱ्या दिवशी घणानं फोडले. सांध्यावर लाकडाचे तंतू उपटून आले होते, गोंदाची रेघ शाबूत होती.

हा गोंद उष्णतेत मऊ पडतो, आणि आमच्या पत्र्याखाली वैशाखात उभं राहवत नाही. सांध्यावर कायमचा ताण राहिला तर मऊ गोंद हळूहळू सरकतो. म्हणून पत्र्याला वरून चुना मारला, आणि माथा चौकटीवर बसवताना फक्त पुढच्या कडेला स्क्रू घट्ट केले. मागच्या बाजूची भोकं रुंदीच्या दिशेत लांबट ठेवली. जोडणी उन्हाळ्यात झाली होती, तेव्हा स्क्रू भोकाच्या अशा टोकाला ठेवले की पावसाळ्यात माथ्याला मागे सरकायला जागा राहील. पाय बाभळीचे केले. तिफणीला पिढ्यान् पिढ्या पुरलेलं लाकूड ते, त्याबद्दल मी वेगळं काय सांगू!

बाकाच्या मागच्या कडेपाशी चौकटीवर पेन्सिलीच्या दोन खुणा आहेत. एक वैशाखातली, एक भाद्रपदातली. दोन्हींमध्ये तीन मिलिमीटरांचं अंतर आहे.