डीजे, फिरता

डीजे, फिरता : ध्वनिक्षेपक संच, दिवे व जनरेटर टेम्पोवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून हळद, वरात, जयंती, मिरवणूक अशा प्रसंगी ध्वनिमुद्रित गाणी वाजवून देण्याचा व्यवसाय. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ‘डॉल्बी’ हे नाव रूढ आहे.

पूर्वपीठिकेबाबत दोन मते संभवतात. मिरवणुकीतले स्थान पाहिले तर डीजे हा बँड व बेंजो पथकांचा वारसदार ठरतो. व्यवहार पाहिला तर मंडप-लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्यांचा. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बेंजोची सुपारी वादकांच्या हाताला असते, डीजेची मुख्यतः सामानाला. किती बेस (खालच्या स्वरांच्या पेट्या), किती टॉप (वरच्या स्वरांच्या), यावरच भाव ठरतो. भाड्याच्या लाउडस्पीकरची परंपरा जुनी असून १९३० च्या दशकातील राजकीय सभांत तिची सुरुवातीची रूपे दिसतात. ट्रॉलीवरचा संच मात्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर रुळला असावा. संगणक व पेनड्राइव्ह आल्यावर गाण्यांचा साठा स्वस्त झाला आणि स्पर्धा स्पीकरच्या भिंतीवर आली.

या स्पर्धेचे गणित खर्चिक आहे. ध्वनिपातळी ३ डेसिबलने वाढवायची तर विद्युतशक्ती दुप्पट लागते, १० डेसिबलने वाढवायची तर दसपट. एवढे करून कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. साहजिकच शेजारच्या गावातल्या संचावर मात करण्यासाठी पेट्या, ॲम्प्लिफायर, जनरेटर आणि कर्ज सारेच वाढते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार सार्वजनिक जागेच्या सीमेवर लाउडस्पीकरचा आवाज तेथील विहित पातळीपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. निवासी भागाची विहित पातळी दिवसा ५५ आहे, म्हणजे तेथे मर्यादा ६५ ठरते. चांगला स्पीकर एका वॅटला एक मीटरवर सुमारे ९८ डेसिबल देतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट होताच ६ डेसिबल घटतात, तेव्हा १६ मीटरवर ७४ उरतात; अरुंद गल्लीत भिंतींच्या परावर्तनामुळे घट आणखी कमी. काही हजार वॅटच्या संचाला ही मर्यादा पाळणे जवळपास अशक्यच.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवण्यास मनाई आहे; राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. वरात रंगात येते ती नेमकी दहाच्या सुमारास. यजमान ‘अजून एक’ म्हणतो आणि गुन्हा नोंदला गेला की सामान मात्र डीजेवाल्याचे जप्त होते.

गाण्यांच्या स्वामित्वशुल्काचा (रॉयल्टीचा) प्रश्नही अनिर्णित आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट असून विवाहाची मिरवणूक व विवाहाशी निगडित अन्य सामाजिक उत्सव तीत धरले आहेत. हळदीच्या पार्टीपर्यंत ती पोहोचते का, यावर वाद होतो. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने जाहीर सूचनेद्वारे ही सूट देण्याच्या बाजूने भूमिका घेतली. गोवा शासनाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले याच आशयाचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले.

उत्पन्न हंगामी आहे. लग्नसराई, शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव व नवरात्र हे कमाईचे दिवस. चातुर्मासात लग्ने जवळजवळ थांबतात. इसार मिळतो, उरलेली रक्कम उधारीवर राहण्याची भीती असते. २०२० व २०२१ मध्ये करोनाकाळातील निर्बंधांमुळे गणेशोत्सवाच्या मिरवणुकांचा हंगामही गेला. पेट्या चढवणारे-उतरवणारे हेल्पर बहुधा रोजंदारीवर असतात. रात्रभर बेससमोर राहणाऱ्यांत कानसंरक्षक क्वचितच दिसतात.