सेव्हियाचा पवित्र आठवडा: नियम १६०४चे, भोई १९७३चे

स्पेनमधल्या सेव्हिया शहरात ईस्टरच्या आधीच्या रविवारपासून ईस्टरपर्यंत सुमारे साठ बंधुसंघ, म्हणजे सामान्य भाविकांची धार्मिक मंडळे, आपापल्या चर्चमधून मूर्ती घेऊन कॅथेड्रलला जाऊन येतात. हे सगळेच मध्ययुगीन आहे असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक भाग वेगळ्या काळातला आहे.

सेव्हियाचे सरदार मार्किस दे तारिफा जेरुसलेमची यात्रा करून परतले आणि १५२१मध्ये त्यांनी आपल्या वाड्यापासून 'क्रूसाची वाट', म्हणजे ख्रिस्ताच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची आठवण करत टप्प्याटप्प्याने चालण्याची प्रार्थना, सुरू केली. पुढे संघ वाढले, तसे मार्ग आणि वेळांवरून तंटेही वाढले. १६०४मध्ये कार्डिनल निन्यो दे गेवारा यांनी शिस्त घातली: प्रत्येक संघाने कॅथेड्रललाच जावे, नदीपलीकडच्या त्रियानातल्या संघांनी मात्र सांता आनाच्या चर्चला. हा अपवाद १८३०पर्यंत टिकला. त्या वर्षी त्रियानाचा 'ला ओ' संघ होड्यांच्या पुलावरून नदी ओलांडून कॅथेड्रलला आला. अंगावर आसूड ओढून घेण्याची प्रथा त्याआधीच, १७७७मध्ये, तिसऱ्या कार्लोस राजाने बंद केली होती.

मूर्ती ज्यावर उभी असते त्या लाकडी चौकटीला पासो म्हणतात. तिचे वजन सहज टनाच्या वर जाते. ती वाहणारे कोस्तालेरो पूर्वी गोदीतले हमाल असत आणि मजुरी घेत. १९७३च्या पवित्र मंगळवारी विद्यार्थ्यांच्या संघाचा ख्रिस्त प्रथमच संघाच्याच सदस्यांनी उचलला. हुआन दे मेसा यांनी १६२०मध्ये घडवलेली ही मूर्ती. काही वर्षांतच बाकीचे संघ त्याच वाटेने गेले. आठवड्याचे आजचे रूप या बदलाने जितके घडवले, तितके दुसऱ्या कशाने क्वचितच.

मजुरांची जागा हौशी माणसांनी घेतल्यावर तयारीला फार महत्त्व आले. पासोखाली आडव्या तुळया असतात आणि त्यांचा भार मानेच्या तळाशी, सातव्या मणक्यावर येतो. डोक्याभोवती गुंडाळलेले जाड कापड, कोस्ताल, तिथेच नीट बसावे लागते. सैल राहिले तर तुळई सरकते आणि वजन कवटीवर येते. म्हणून आधी 'इग्वाला' होते: मानेपर्यंतची उंची मोजून माणसे तुळयांवर लावतात. एकजण बोटभर उंच निघाला तर शेजाऱ्यांचा भार त्याच्यावर पडतो आणि बुटक्याची मान तुळईला टेकतही नाही. मग वजन लादलेली उघडी चौकट घेऊन रात्रीचा सराव चालतो. खालच्यांना रस्ता दिसत नसल्याने वळणे मुकादमाच्या, कापाताथच्या, आवाजावरच घेतली जातात.

सगळ्यात मोठा शत्रू पाऊस. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढच्या रविवारी ईस्टर येतो, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान. या दिवसांत तिथल्या आभाळाचा भरवसा नसतो. भिजल्याने सोन्याची जर आणि लाकडावरचे जुने रंग खराब होतात. त्यामुळे निघण्याच्या वेळेला हवामानाचा ताजा अंदाज घेऊन संघाचे पदाधिकारी ठरवतात: थोडे थांबायचे की दार बंदच ठेवायचे. वाटेत सर आली, तर जवळच्या चर्चमध्ये आसरा घेतात.