पोदेराचा भोंगा आणि बुरशी लागलेले बूट

श्रावणात एकदा पलंगाखालून चालायचे बूट ओढले, तर त्यांवर पांढुरकी बुरशी. गोव्याच्या पावसाळ्यात यात नवल काही नाही. पट्टे, पुस्तकं, कपाटाची मागची फळी, कशाचीच सुटका नसते. पण या बुरशीने माझी गैरहजेरी मांडून ठेवली होती. फेब्रुवारीत रोज सकाळी सांतिनेजहून मिरामारपर्यंत चालत जाणारा मी जूनच्या पहिल्या सरीला जो घरात शिरलो, तो घरातच.

आळस, दुसरं काय, असं घरच्यांचं मत. माझंही तेच होतं. सवयींचा अभ्यास करणारे मात्र जरा वेगळं सांगतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना एकेक नवी सवय निवडायला सांगितली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर बाटलीभर पाणी प्यायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावायचं. 12 आठवडे रोजची नोंद. ती गोष्ट विचार न करता आपसूक घडायला साधारण 66 दिवस लागतील, असा हिशेब निघाला. कुणाला 18, तर कुणाला पार 254. व्यायामाची सवय खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जवळपास दीडपट वेळ घेत होती. ‘21 दिवस करा, सवय लागेल’ हा मंत्र आला कुठून? 1960 साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान 21 दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ पुढे गळाला आणि चेहराही. लॅलींच्या नोंदींतली दिलाशाची गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही.

एकाच वेळी, एकाच जागी तीच कृती पुन्हा पुन्हा केली, की मेंदू तिचा कारभार विचार करणाऱ्या पुढच्या भागाकडून हळूहळू आत खोलवरच्या बेसल गँग्लियाकडे सोपवतो. मग खूण दिसली की शरीर हलतं, मनाला विचारत बसत नाही. माझी खूण होती पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा. साडेसहाला खाली पों-पों झालं की उतरायचं, चार उंडे (गोल पाव) घ्यायचे, पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवायची आणि तसंच पुढे निघायचं.

पावसातही पोदेर येतच होता, टोपल्यावर निळं प्लास्टिक ओढून. भोंगा तोच, उंडे तेच. फक्त मी पिशवी घेऊन वर यायचो, चहा टाकायचो आणि मोबाईल उघडायचो. सवय मोडली होती असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याच खुणेवर दुसरी सवय येऊन बसली होती.

अमेरिकेत कॅथरीन मिल्कमन यांनी एक गमतीचा प्रयोग केला. उत्कंठावर्धक कादंबऱ्या भरलेले आयपॉड फक्त जिममध्येच ऐकायला ठेवले. पुढे काय होतं हे कळायचं असेल तर जिमला या! सुरुवातीला ही मंडळी इतरांपेक्षा 51 टक्के जास्त वेळा आली. मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली, माणसं घरोघरी पांगली आणि परतल्यावर तो फरक उरलाच नाही. वाचताना मला आमची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवली. पणजी ओस पडते, जो तो मूळ घरी. मीही डिचोलीला. रात्री उशिरापर्यंत घुमट वाद्याच्या तालावर आरत्या, ताटात पातोळ्या, डबाभर नेवऱ्या. बूट पणजीतच, भोंगाही पणजीतच.

मग करायचं काय? ‘मन घट्ट करा’ हा सल्ला मला तरी निरुपयोगी वाटतो. 2002 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाला व्यायामाचं महत्त्व पटवून दिलं, तर दुसऱ्याला ते पटवून शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून घेतलं. नुसतं पटवलेल्यांपैकी 35 टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला, लिहून दिलेल्यांपैकी 91 टक्क्यांनी. आठवडा एकच आणि माहिती स्वतः विद्यार्थ्यांनी दिलेली, तेव्हा मी हा आकडा थोडा उतरवूनच धरतो. तरी कागद-पेन काढायला तेवढा पुरे.

मी लिहिलं: भोंगा वाजला आणि पाऊस असला, तर पिशवी कठड्याला आणि चार मजले पाच वेळा. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता ओढून घेतो, आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत देशात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यातच निघालंय. तेव्हा जिना काही वाईट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकी पहिले चार दिवस रोज विचारायच्या, “लिफ्ट बंद पडली काय रे?”

चवथ आठवड्यावर आली तेव्हा डिचोलीच्या चुलतभावाला फोन लावला. “तुमच्याकडे पोदेर किती वाजता येतो?”

“सातला. किती उंडे सांगू?”