हळदीच्या भावकीतलं ‘गोल्ड’

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असले की खरेदीदार हळकुंड कटकन मोडतो आणि आतला रंग बघतो. वरची झिलई पॉलिशच्या ड्रममधून आलेली असते, तिच्यावर त्याचा भरवसा नसतो. इंग्रजीतले चमकण्याचे शब्दही असेच मोडून बघावे लागतात. ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिमर, ग्लो अशी रांग लागते आणि शाळेतल्या छोट्या शब्दकोशात बहुतेकांपुढे एकच अर्थ असतो, ‘चमकणे’. आत डोकावलं तर चक्क हळद सापडते.

1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत तिथले न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं मांडलं. पुढच्या पिढ्यांतल्या अभ्यासकांनी त्या हरवलेल्या मूळ भाषेतले धातू जुळवत आणले. त्यांपैकी एक ‘घेल्’. अर्थ चमकणे, आणि त्यासोबत पिवळसर-हिरवट रंगाची छटा. इंग्रजीकडे गेलेल्या शाखेत त्याच्यापासून गोल्ड, येलो, ग्लो, ग्लास निघाले. आपल्याकडे त्याच ‘घ’चा ‘ह’ झाला आणि हिरण्य, हरित, हरिद्रा हे शब्द आले. हरिद्राची प्राकृतात हलिद्दा झाली आणि मराठीत हळद. सातारा जिल्ह्यात पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात, त्यालाही लोक सोनंच म्हणतात. भाषाशास्त्राची एक ओळ न वाचता भक्तांनी हे नातं कधीच जोडून ठेवलंय!

आता भेद. ते शब्दकोशापेक्षा डोळ्यांना लवकर कळतात. घासलेल्या पितळी तांब्याची शांत चकाकी म्हणजे ग्लीम. ऊसतोडीच्या कोयत्यावर क्षणभर ऊन चमकून जातं तो ग्लिंट. ग्लिटरमध्ये एक चमक पुरत नाही, जरीच्या पदरासारखे असंख्य ठिपके लुकलुकायला लागतात. ग्लिसनला ओल लागते: घामेजलेलं कपाळ, पावसात भिजलेला सह्याद्रीचा काळा कातळ. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ विझल्यावर निखारे आतून लाल दिसतात तो ग्लो. ग्लेअर मात्र त्रास देतो. तो डोळ्यांवर येणारा उजेड, आणि वटारलेल्या डोळ्यांनाही इंग्रजीत हाच शब्द आहे.

ग्लिमर, ग्लिटर, शिमर, फ्लिकर यांच्या शेवटचा ‘अर’ आणि स्पार्कल, ट्विंकल, डॅझल यांच्या शेवटचा ‘ल’ जुन्या इंग्रजी घडणीत क्रिया पुन्हापुन्हा होते हे दाखवतात. आपण त्यासाठी शब्दच दुमडतो: मिणमिण, चमचम, लुकलुक. मला विचाराल तर मिणमिणता दिवा ग्लिमरपेक्षा जास्त खरा दिसतो.

पण एवढे सगळे ‘ग्ल’ एकाच जागी कसे जमले? जे. आर. फर्थ हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ 1919 ते 1928 लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. एकाच ध्वनिगुच्छाभोवती एकाच भावाचे शब्द गोळा होतात, त्या गुच्छाला त्यांनी 1930 साली ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. मराठीत ‘झ’कडे बघा: झळक, झळाळी, झगमग, झिलई.

अशा घोळक्यात तोतयेही शिरतात. ग्लॅमर हा शब्द कानाला अगदी ग्लिटरचा सख्खा भाऊ वाटतो, पण तो निघाला ग्रामरमधून. व्याकरण जाणणारा म्हणजे मंत्रतंत्र जाणणारा, अशा समजातून स्कॉटलंडमध्ये ग्रामरचं ग्लॅमर झालं. त्याचा अर्थ होता नजरबंदी. स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनामुळे तो सगळीकडे पोचला. शीनचंही तसंच. त्याचा जुना अर्थ ‘सुंदर’, शाइनशी त्याचं रक्ताचं नातं नाही, पण शेजारी राहून तो चमकायला लागला.

ब्राइट ‘ग्ल’च्या घोळक्यातला नाही, पण तो खरा नातेवाईक, संस्कृतातल्या ‘भ्राजते’चा, म्हणजे ‘चमकतो’चा. बर्च या झाडाचं नाव आणि आपलं भूर्ज हेही त्याच कुळातले, पांढऱ्या सालीमुळे.

लाइटची गंमत वेगळीच. उजेड या अर्थाचा लाइट संस्कृत ‘रुच्’ (मूळ अर्थ चमकणे) या धातूचा भाऊबंद, म्हणजे रुची आणि रुचणे यांचाही. हलका या अर्थाचा लाइट मात्र ‘लघु’च्या घरातला. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच झालं आणि मराठीने दोघांनाही ठेवून घेतलं. म्हणून पावसाळ्यात ‘लाइट गेली’ म्हणून आपण ओरडतो ती रुचीकडची, आणि त्यावर शेजारचा पोरगा ‘लाइट घे ना काका’ म्हणतो तो लघुकडचा.