सात मिनिटांचे अर्थकारण

डिसेंबर 2017 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात कॅलिफोर्निया राज्याविरुद्ध एक आगळावेगळा दावा दाखल झाला. काही विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांची मागणी एवढीच होती की, राज्याने मुलांना वाचायला शिकवावे. त्यांच्या शाळांना इमारती होत्या, शिक्षक होते, हजेरीपट भरलेले होते. तरीही तिथली बहुसंख्य मुले आपल्या इयत्तेचा मजकूर वाचू शकत नव्हती. वाचनाची ही दुरवस्था राज्याने नेमलेल्या तज्ज्ञांनीच 2012 मध्ये लेखी मांडली होती आणि तो आराखडा पुढे कपाटात पडून राहिला, हा दाव्यातला सर्वांत बोचरा मुद्दा होता. फेब्रुवारी 2020 मध्ये तडजोड झाली. राज्याने 5 कोटी 30 लाख डॉलर देऊ केले आणि त्यांपैकी 5 कोटी डॉलर तिसरीच्या वाचनात सर्वांत मागे असलेल्या 75 शाळांसाठी राखून ठेवले. हा निधी तीन वर्षांसाठी होता. म्हणजे एका शाळेच्या वाट्याला सरासरी साडेसहा लाख डॉलरहून थोडी अधिक रक्कम आली.

या पैशाने शाळेने नेमके काय विकत घ्यायचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर हिशेबाच्या वहीबरोबर मेंदूचे विज्ञानही उघडावे लागते.

अमेरिकेतला शाळा-जिल्हा म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. तो फक्त शाळा चालवण्यासाठी आखलेला प्रदेश असतो, त्याचे मंडळ बहुधा निवडून आलेले असते आणि अनेक ठिकाणी स्थानिक घर-जमिनीवरचा कर हा त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग असतो. देशभरात असे सुमारे 13,000 जिल्हे आहेत. शाळांच्या एकूण खर्चातला केंद्र सरकारचा वाटा साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेला भार राज्ये व स्थानिक कर मिळून उचलतात. जिथे घरे स्वस्त तिथे कराचे उत्पन्न कमी. ही तूट राज्ये कमीअधिक प्रमाणात भरून काढतात, पण सगळीकडे सारखी नाही. वाचनासाठीचे पैसे त्यामुळे बहुतेक वेळा वेगळे अनुदान म्हणून वरून येतात आणि त्यांना अटी जोडलेल्या असतात. ग्रामपंचायतीच्या कारभाराशी परिचय असलेल्यांना ‘बंधित निधी’ हा शब्द ठाऊक असेल; हा जवळजवळ तसाच प्रकार आहे. अटी कोणत्या घालायच्या, यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

आता मेंदूकडे वळू. माणूस बोलू लागला त्याला किती काळ लोटला हे सांगणे कठीण असले, तरी लिपीचे वय जेमतेम पाच हजार वर्षांचे आहे. उत्क्रांतीच्या मापाने हा काळ इतका तोकडा आहे की, वाचनासाठी मेंदूत वेगळा अवयव घडणे शक्यच नव्हते. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांची मांडणी अशी की, वाचायला शिकताना मेंदू जुनीच यंत्रणा नव्या कामाला जुंपतो. डोक्याच्या डाव्या बाजूला मागे-खाली असलेला, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारचा एक पट्टा हळूहळू अक्षरांना प्रतिसाद देऊ लागतो आणि उच्चार व अर्थ सांभाळणाऱ्या भागांशी जोडला जातो. या उसनवारीच्या खुणा पहिलीच्या वर्गात दिसतात. बैलाचे तोंड डावीकडे असो वा उजवीकडे, तो बैलच असतो, हे मेंदू जन्मापासून गृहीत धरतो. पण इंग्रजीतली ‘बी’ आणि ‘डी’ ही लहान अक्षरे म्हणजे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब, आणि तिथे मात्र दिशा बदलली की अक्षर बदलते. पाच-सहा वर्षांच्या मुलाने ती उलटसुलट केली तर तो त्याचा निष्काळजीपणा नसतो. लाखो वर्षांची सवय मोडायला त्याला वेळ लागत असतो.

म्हणूनच मूल बोलायला जसे आपोआप शिकते तसे वाचायला शिकत नाही. बोललेला शब्द सुट्या ध्वनींचा बनलेला आहे हे त्याला जाणवावे लागते, त्या ध्वनींची अक्षरांशी सांगड घालून द्यावी लागते आणि ती सांगड इतकी सरावाची व्हावी लागते की, लक्ष अक्षरांवरून सुटून अर्थाकडे जाईल. एखादा अनोळखी शब्द मुलाने स्वतः उच्चारून काही वेळा बरोबर वाचला की तो स्मरणात बसतो आणि पुढच्या भेटीत नजर पडताच ओळखू येतो. इस्रायली संशोधक डेव्हिड शेअर यांनी 1995 मध्ये या प्रक्रियेला स्वयंशिक्षण म्हटले. वाचता येणारे मूल अधिक वाचते, आणि अधिक वाचल्याने आणखी चांगले वाचू लागते. ज्याचे हे चक्र सुरूच होत नाही, त्याचे अंतर दरवर्षी वाढत जाते. पहिल्या दोन-तीन इयत्तांवर पैसा खर्चण्याचे खरे कारण हेच आहे.

इंग्रजीत ही सांगड विशेष अवघड असते. ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’ आणि ‘कॉफ’ या चार शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच ही तीच चार अक्षरे येतात आणि चारही वेळा त्यांचा उच्चार वेगळा होतो. संशोधक फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये युरोपातल्या अनेक भाषांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या वर्षाअखेर फिनिश मुले परिचित शब्दांपैकी 98 टक्के बरोबर वाचत होती, तर इंग्रजी शिकणारी स्कॉटिश मुले 34 टक्के. देवनागरी या बाबतीत फिनिशच्या बाजूला झुकते. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतल्या ‘च’चा उच्चार वेगळा असला तरी मराठी मुलाला असे अपवाद मोजकेच भेटतात, त्याची दमछाक बाराखडीच्या पसाऱ्याने आणि जोडाक्षरांनी होते, अनियमितपणाने नव्हे. अमेरिकी वर्गात काय फसले हे वाचताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा, कारण तिथला उपाय इथे जसाच्या तसा लागू पडणार नाही.

तिथे जे फसले त्याचे मूळ बऱ्याच अंशी शिकवण्याच्या एका समजुतीत होते. वाचन म्हणजे संदर्भावरून केलेला अंदाज, असे 1967 मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ केनेथ गुडमन यांनी मांडले आणि पुढच्या दशकांत त्यातून वर्गातली एक पद्धत रूढ झाली: शब्द अडला तर चित्र पाहा, पहिले अक्षर पाहा, वाक्यात काय शोभेल ते सांग. चित्रात घोडा असेल तर मूल ‘घोडा’ म्हणते आणि शिक्षकाला ते वाचते आहे असे वाटते. पुढच्या इयत्तेत चित्रे संपतात, मजकूर उरतो, आणि तेव्हा खरे उघडकीला येते. डोळ्यांच्या हालचालींवरच्या प्रयोगांनी मात्र दाखवून दिले की, कुशल वाचकाची नजर बहुतेक शब्दांवर थांबते. अंदाजाचा आधार घेतो तो कच्चा वाचक. या पद्धतीवरची पुस्तके जिल्ह्यांनी वर्षानुवर्षे सरकारी पैशाने खरेदी केली, हे नमूद केलेच पाहिजे. पैसा कमी होता म्हणूनच मुले मागे पडली, असे म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते.

अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, 1997 मध्ये बोलावलेल्या राष्ट्रीय वाचन समितीने 2000 साली अहवाल दिला आणि ध्वनींची जाणीव, अक्षर-ध्वनी संबंधांचे पद्धतशीर शिक्षण, ओघवते वाचन, शब्दसंपत्ती व आकलन या पाच अंगांवर भर दिला. त्याच्या आधारे 2002 मध्ये ‘रीडिंग फर्स्ट’ ही केंद्रीय योजना आली आणि काही वर्षे दरसाल सुमारे 1 अब्ज डॉलर जिल्ह्यांकडे वाहू लागले. विज्ञान होते, पैसा होता. 2008 मध्ये 13 राज्यांतल्या 248 शाळांच्या अभ्यासाचा अंतिम निष्कर्ष आला तो असा: पहिलीच्या मुलांचे अक्षरे जोडून शब्द वाचणे सुधारले होते, पण पहिली ते तिसरीच्या मजकुराच्या आकलनात लक्षणीय फरक पडला नव्हता. दरम्यान, कोणती पुस्तके घ्यावीत याबाबत हितसंबंध गुंतल्याचे आक्षेप शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी 2006 मध्येच नोंदवले होते. योजनेचा निधी आटला.

त्या अभ्यासातला एक आकडा मला निकालापेक्षाही बोलका वाटतो. पाच अंगांच्या शिकवण्याला मिळणारा वेळ पहिलीत दररोज सुमारे सात मिनिटांनी आणि दुसरीत सुमारे दहा मिनिटांनी वाढला होता. अब्जावधी डॉलर वर्गाच्या दारापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांचे रूपांतर एवढ्या मिनिटांत झाले होते. शिवाय तुलनेसाठी घेतलेल्या शाळांनीही तोवर यातल्या बऱ्याच गोष्टी उचलल्या होत्या, त्यामुळे दोन गटांतले अंतर मुळातच कमी होते. उरलेला खुलासा गफ आणि टनमर या संशोधकांच्या 1986 मधल्या साध्या सूत्रात सापडतो: आकलन म्हणजे शब्द वाचण्याचे कौशल्य गुणिले भाषेची समज. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे; म्हणून एक घटक वाढला तरी दुसरा तोकडा असेल तर उत्तर फारसे बदलत नाही. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार मुले, वाचनात पक्की पण खेळाबद्दल अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा उतारा अधिक चांगला समजू शकली. आपल्याकडे क्रिकेटचा उतारा घेऊन हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल.

मिसिसिपी या राज्याने याच विज्ञानावर वेगळा खर्च केला. 2013 मध्ये चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत त्याची सरासरी 209 होती, देशाची 221, आणि राज्यांच्या यादीत ते जवळजवळ तळाशी होते. त्याच वर्षी कायदा झाला: बालवाडीपासून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाची वर्षातून अनेकदा लहान चाचणी, मागे पडणाऱ्याच्या पालकांना लेखी कळवणे, आणि तिसरीअखेर किमान वाचन न जमल्यास बहुतेकांना त्याच वर्गात ठेवणे. वर्तमानपत्रांनी या शेवटच्या कलमाची चर्चा केली. माझ्या मते जीव पहिल्या भागात आणि शिक्षकांवर केलेल्या खर्चात होता. वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर, म्हणजे राज्यातल्या विद्यार्थिसंख्येने भागले तर माणशी तीस-पस्तीस डॉलर, यातून शिक्षकांना वाचनाच्या विज्ञानाचे दीर्घ प्रशिक्षण मिळाले आणि सर्वांत कमकुवत शाळांत वाचन-प्रशिक्षक पाठवले गेले. हे प्रशिक्षक राज्याच्या नोकरीत होते, जिल्ह्याच्या नव्हे. ही बाब बारीक वाटते, पण शाळा चालवणाऱ्यांना तिचे मोल कळेल: मुख्याध्यापक त्यांना रजेवरच्या शिक्षकाच्या जागी उभे करू शकत नव्हते की कार्यालयीन कागदपत्रांना बसवू शकत नव्हते. ते वर्गात बसत, शिक्षकाचा पाठ पाहत, स्वतः पाठ घेऊन दाखवत.

2019 मध्ये राज्याची सरासरी 219 झाली आणि देशाच्या सरासरीला टेकली. 2024 मध्ये, महासाथीनंतर देशाची सरासरी 214 वर घसरली असताना, मिसिसिपी 219 वरच होते. कच्ची मुले तिसरीतच थांबवल्याने चौथीचे गुण फुगले, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचा थोडाबहुत परिणाम नाकारता येणार नाही. मात्र 2014-15 मध्ये तिसरीत थांबवलेल्या मुलांचा माग काढणाऱ्या अभ्यासात ती सहावीत भाषेच्या चाचणीत, जेमतेम पुढे सरकलेल्या मुलांच्या तुलनेत, वरचढ आढळली. अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे: आठवीच्या गुणांत अशी झेप दिसलेली नाही. गुणाकारातला दुसरा घटक, म्हणजे शब्दसंपत्ती आणि जगाची माहिती, घडायला इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांचे तास लागतात, आणि त्यांच्यासाठी ‘वाचनाचा निधी’ कोणी मागत नाही.

कॅलिफोर्नियाच्या 75 शाळांत जिल्ह्यांनी पहिले वर्ष कारणमीमांसेत आणि आराखड्यात घालवले. ते वर्ष 2020-21, म्हणजे शाळा बंद असण्याचे होते, त्यामुळे हा नाइलाज की शहाणपणा हे ठरवणे कठीण आहे. पुढची दोन वर्षे प्रशिक्षक, चाचण्या, नवा अभ्यासक्रम, जादा तास आणि पालकांशी संपर्क यांवर खर्च झाला. यादी राज्याने दिली, निवड शाळेने केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सेरा नोविकॉफ आणि थॉमस डी यांनी 2023 मध्ये या शाळांची तशाच इतर शाळांशी तुलना केली, तेव्हा तिसरीचे भाषेचे गुण प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाच्या) 0.14 पट वाढल्याचे दिसले, म्हणजे सुमारे पाव वर्षाच्या शिक्षणाइतके. गणितातही थोडी वाढ झाली, जे साहजिक आहे, कारण तोंडी हिशेब संपले की गणितही वाचावेच लागते.

डेट्रॉइटमधला याच धर्तीचा दावा 2020 मध्ये मिटला आणि ठरलेले 9 कोटी 44 लाख डॉलर मिशिगनच्या विधिमंडळाने 2023 मध्ये तिथल्या शाळा-जिल्ह्याच्या वाचनासाठी मंजूर केले. मधली तीन वर्षे, 2020 साली पहिलीत बसलेल्या मुलांची वाचन शिकण्याची वर्षे होती. कॅलिफोर्नियातल्या अनुदानाची मुदतही संपली. मिसिसिपीत वाचनाची रक्कम दरवर्षीच्या अर्थसंकल्पात बसते. कॅलिफोर्नियात मात्र ती तडजोडीतून आलेली एकवेळची होती. राज्याने 2022 मध्ये वाचन-प्रशिक्षकांसाठी 25 कोटी डॉलरचे नवे अनुदान जाहीर केले, पण तेही ठरावीक मुदतीचेच आहे. प्रशिक्षकाचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो.