ऑफसेट वेगळा आणि बायस वेगळा: जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्रीसेट फिरवण्याआधी

"ऑफसेट जास्त येतोय? मग बोर्डावरचा प्रीसेट जरा फिरवून बघा." जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या माणसाला हा सल्ला कुणी ना कुणी देतोच, आणि चांगले चालते सेट त्यापायी जळतात. बोर्डावर प्रत्येक चॅनेलला एकच प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर असेल, तर तो जवळपास नेहमी बायसचा, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टरांतून सतत वाहणाऱ्या करंटचा असतो. तो फिरवून ऑफसेट, म्हणजे स्पीकरवर येणारा नकोसा डीसी व्होल्टेज, फारसा हलत नाही. हलत नाही म्हणून माणूस आणखी फिरवतो, आणि थोड्याच वेळात आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन बसतात.

गोंधळ का होतो ते उघड आहे. दोन्ही गोष्टी डीसी, दोन्ही मिलिव्होल्टमध्ये वाचायच्या, दोन्ही गाणं बंद ठेवून मोजायच्या. पण त्या मोजायच्या जागा वेगळ्या, बिघडण्याची कारणं वेगळी आणि बिघडल्यावर होणारं नुकसानही वेगळं.

ऑफसेट बहुतेकांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. गाणं बंद असताना स्पीकरच्या दोन टर्मिनलांमध्ये शून्य व्होल्ट असायला हवेत. प्रत्यक्षात थोडे मिलिव्होल्ट असतातच. ५० च्या आत असेल तर विषय सोडून द्या. १०० च्या वर गेला तर कारण शोधा. व्होल्टमध्ये गेला तर स्पीकर जोडूच नका. काही लोक ऑफसेट ०.० वर आणण्यासाठी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतात, ते मला पटत नाही. ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स साधारण ६ ओहम असतो. त्यात ३० मिलिव्होल्टने ५ मिलिअँपिअर करंट जातो, म्हणजे एका मिलिवॅटचाही छोटा अंश. कॉइलला त्याने काही होत नाही. आणि थंड सेटवर शून्यावर आणलेला ऑफसेट अर्ध्या तासाने काही मिलिव्होल्ट सरकलेला असतोच.

ऑफसेट मोजताना एक चूक मात्र सतत दिसते. सेट प्रोटेक्शनमध्ये अडकलाय, स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचा "टक" आवाज आलेलाच नाही, आणि माणूस मागच्या स्पीकर टर्मिनलवर मीटर लावून सांगतो, "ऑफसेट तर एकदम झीरो आहे." रिले उघडा असताना टर्मिनलवर काहीच पोचत नाही, मग शून्यच दिसणार. अशा वेळी रिलेच्या आधी, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला मोजायचं. तिथे कदाचित ४० व्होल्ट बसलेले असतील, आणि रिलेने तुमचे स्पीकर वाचवलेले असतील. रिले जोडायला मागत नाही म्हणून त्याचे कॉन्टॅक्ट सरळ वायरने जोडून देणारे मेकॅनिक आजही आहेत. त्यांच्याकडे सेट देऊ नका.

आता बायस. इथेच सगळं अडतं.

आउटपुटला प्रत्येक चॅनेलमध्ये ट्रान्झिस्टरची जोडी असते. एक ट्रान्झिस्टर सिग्नलचा वरचा अर्धा भाग पेलतो, दुसरा खालचा. पण सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बेसवर, म्हणजे त्याला चालवणाऱ्या पायावर, साधारण ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय जागा होत नाही. त्यामुळे सिग्नल शून्याच्या आसपास असताना दोघेही बंद राहतील आणि तेवढ्या जागेत आवाजाचा लचका तुटेल. जात्यावर दोघी समोरासमोर दळायला बसल्या, की एकीचा जोर सरायच्या आत दुसरीने जोर लावलेला असतो. तसं झालं नाही तर जातं अडखळतं. ट्रान्झिस्टरांचंही तसंच आहे. सिग्नल नसतानाही दोघांमधून थोडा करंट सतत वाहता ठेवतात, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना खंड पडत नाही. हा करंट म्हणजे बायस.

तो कमी पडला तर काय ऐकू येतं ते नीट लक्षात घ्या, कारण हा दोष मोठ्या आवाजात लपतो. शून्याजवळची ही खाच तेवढीच राहते, त्यामुळे सिग्नल जितका लहान तितकी ती प्रमाणाने मोठी. रात्री हळू आवाजात ख्यालाचा आलाप लावा आणि तानपुऱ्याकडे कान द्या. जवारीची झळाळी जाऊन तिथे कोरडी, कागद घासल्यासारखी कड आली असेल, आणि आवाज वाढवल्यावर ती कमी होत असेल, तर बायस तपासा. लोक इथे टोन कंट्रोल साफ करत बसतात.

बायस जास्त झाला तर आवाजात काहीच खोट दिसत नाही, उलट काहींना तो गोड वाटतो. फक्त सेट गाणं न लावताही तापतो. हीच खरी धोक्याची बाजू. ट्रान्झिस्टर तापला की त्याला लागणारा बेस व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. म्हणजे तोच प्रीसेट ठेवूनही करंट वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो. हे चक्र आवरण्यासाठी एक छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, चिकटवलेला असतो. हीटसिंक तापला की तो बायस आपोआप खाली ओढतो. दुरुस्तीनंतर हा छोटा ट्रान्झिस्टर हवेत लटकत ठेवलेला दिसला, की समजा तो सेट उन्हाळ्यातला एक लांबलचक कार्यक्रम पूर्ण करणार नाही.

आता मुख्य मुद्दा. ऑफसेट मोजताना मीटरची एक वायर आउटपुटला आणि दुसरी ग्राउंडला असते. बायस मोजताना ग्राउंडचा काहीही संबंध नाही. आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या शेजारी पांढऱ्या सिमेंटचे जाड रेझिस्टर दिसतात, ०.२२, ०.३३ किंवा ०.४७ ओहमचे. त्या रेझिस्टरच्या दोन पायांवर मीटरच्या दोन वायरी लावायच्या. करंट थेट न मोजता त्या रेझिस्टरवर पडलेला व्होल्टेज आपण वाचतो आणि त्यावरून करंट काढतो. काळी वायर सवयीने चासीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) लावून लाल वायर रेझिस्टरला टेकवली, की जो आकडा येतो तो ऑफसेट आणि बायस यांची खिचडी असतो. तो कशाच्याच कामाचा नाही.

म्हणून "बायस ५० मिलिव्होल्टवर सेट केलाय" हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो: कुठे? एका ०.४७ ओहमच्या रेझिस्टरवर ५० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १०६ मिलिअँपिअर. ०.२२ च्या दोन रेझिस्टरांवर मिळून, म्हणजे एका ट्रान्झिस्टरच्या एमिटर पायापासून दुसऱ्याच्या एमिटरपर्यंत मोजले असतील, तर ११४. एकट्या ०.२२ वर असतील तर २२७. सेटचे सप्लाय अधिक-उणे ४० व्होल्ट धरले, तर २२७ मिलिअँपिअरने प्रत्येक चॅनेल नुसता बसल्या जागी १८ वॅट उष्णता काढतो. त्याच सेटला २५ मिलिअँपिअर पुरेसे असतील, तर तिथे २ वॅटच निघाले असते. आणि हेच ५० मिलिव्होल्ट स्पीकर टर्मिनलवर असतील, तर ती बिनधास्त सोडून देण्याची गोष्ट. मिलिव्होल्टचा आकडा जागा आणि ओहम सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टेस्ट पॉइंट दिलेले असतात ते यासाठीच, आणि काही मॅन्युअल एका रेझिस्टरवरचा आकडा देतात, काही दोन्हींवरचा. आकृती बघूनच वायरी लावा.

बाकीचे फरक किरकोळ. दोन प्रीसेट असतील तर इनपुटकडचा बहुधा ऑफसेटचा आणि हीटसिंकजवळचा बायसचा. काही बोर्डांवर ऑफसेटच्या प्रीसेटला "डीसी बॅलन्स" लिहिलेलं असतं. डाव्या-उजव्या स्पीकरच्या बॅलन्सशी त्याचं नातं नाही. एलएम३८८६ किंवा टीडीए२०३० सारख्या आयसीवर चालणाऱ्या सेटमध्ये बायस आयसीच्या पोटातच ठरलेला असतो, प्रीसेट शोधू नका. आणि २एन३०५५ ची जोडी लावलेले, एकाच सप्लायवर चालणारे जुने सेट असतात, त्यांत स्पीकरच्या वाटेवर मोठा कंडेन्सर असतो. तिथे टर्मिनलवर ऑफसेटचा प्रश्नच येत नाही. कंडेन्सरच्या आधी सप्लायच्या निम्मा व्होल्टेज आहे ना, एवढं बघायचं.

ऑफसेट खरोखर वाढला असेल तर दोष शोधायचा, प्रीसेटने झाकायचा नाही. इनपुटची ट्रान्झिस्टर जोडी एकमेकांशी जुळेनाशी झाली, फीडबॅकचा कंडेन्सर लीक झाला, सोल्डर तडकलं, अशी कारणं असतात. एका बाजूच्या सप्लायचा फ्यूज उडाला असेल तर आउटपुट दुसऱ्या सप्लायकडे ओढला जातो आणि ऑफसेट थेट दहा-वीस व्होल्टमध्ये जातो. याउलट बायस भटकण्याचं पहिलं संशयित म्हणजे खुद्द प्रीसेट. तीस-चाळीस वर्षांत त्याचा ट्रॅक काळा पडतो, मधला पाय मध्येच संपर्क सोडतो, आणि बऱ्याच सर्किटमध्ये संपर्क सुटला की बायस एकदम कमाल होतो. असा प्रीसेट स्प्रे मारून वाचवण्यात अर्थ नाही. तेवढ्याच ओहमचा मल्टिटर्न (बरेच फेरे घेणारा) प्रीसेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अगदी किरकोळ किमतीत मिळतो. आउटपुट ट्रान्झिस्टर बदलले असतील तर बायस नव्याने लावणं सक्तीचं आहे. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी नकलीही भरपूर फिरते, तेव्हा भरवशाच्या दुकानातूनच घ्या.

बायस लावण्याची रीत अशी. पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्सच्या वायरीत मध्ये बल्ब जोडून, सेट चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर शॉर्ट नाही. तिथेच ऑफसेट बघून घ्या. बायस मात्र बल्ब काढल्यावरच लावायचा, कारण बल्ब व्होल्टेज खातो आणि त्यावर लावलेला बायस थेट २३० व्होल्टवर चढा निघतो. स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर. प्रीसेटची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. मीटरच्या वायरी सेट बंद असताना क्लिपने लावा. चालू सेटमध्ये हातात धरलेला प्रोब घसरून ट्रान्झिस्टरच्या दोन पायांवर टेकला, की त्याच क्षणी खेळ संपतो. बंद सेटमध्येही मोठे फिल्टर कंडेन्सर भरलेले असतात. ते रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत हात घालू नका. मग प्रीसेट अगदी हळू फिरवा, मीटर स्थिर होऊ द्या. पंधरा मिनिटं झाकण ठेवून तापू द्या, पुन्हा वाचा, पुन्हा जुळवा. शेवटी ऑफसेट परत एकदा बघा.

मॅन्युअल मिळालंच नाही तर कमीकडूनच जा. साध्या एबी वर्गाच्या (बायस थोडाच ठेवणाऱ्या) सेटला २० ते ३० मिलिअँपिअरपासून सुरुवात करणं सुरक्षित असतं, म्हणजे ०.२२ च्या एका रेझिस्टरवर ५-६ मिलिव्होल्ट. अर्ध्या तासाने हीटसिंक कोमट लागायला हवा. हात ठेववत नसेल तर सेट बंद करा. हळू आवाजातला तानपुरा स्वच्छ ऐकू आला की तिथेच थांबा. आणि कुठल्या रेझिस्टरवर, किती ओहमच्या, किती मिलिव्होल्ट, दोन्ही चॅनेलचे आकडे कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. तो सेट पुढे कुणी उघडला, तर "५० मिलिव्होल्ट" एवढ्यावर त्याला अंदाज बांधावा लागणार नाही.