कीबोर्ड सिंथेसायझर आणि वर्कस्टेशन

कीबोर्ड सिंथेसायझर आणि वर्कस्टेशन : विजेवर ध्वनी निर्माण करणारी, पट्ट्यांनी वाजवायची दोन सख्खी वाद्ये. सिंथेसायझरचे मूळ काम आवाज घडवणे. मूळ कंपन उचलायचे, फिल्टरने त्याची धार कमी-जास्त करायची, आवाज कसा उठेल, किती टिकेल आणि कसा विरेल ते ठरवायचे. वर्कस्टेशनमध्ये हे असतेच; शिवाय वाजवलेले सूर नोंदवून ठेवणारा सिक्वेन्सर, ड्रमचे आवाज, इफेक्ट्स आणि एकाच वेळी अनेक वाद्ये वेगवेगळ्या चॅनेलवर वाजवण्याची सोयही त्याच यंत्रात असते. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ठेक्यासकट सगळी साथ सुरू करणारा ॲरेंजर कीबोर्ड हा तिसरा प्रकार. दुकानात तिघांनाही कीबोर्डच म्हणतात, आणि पहिली खरेदी बऱ्याचदा तिथेच फसते.

मंचासाठी कोणते आणि स्टुडिओसाठी कोणते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत जवळपास उलटे झाले आहे. वर्कस्टेशन जन्मले ते स्टुडिओचा खर्च वाचवण्यासाठी. आज ते टिकून आहे ते मुख्यतः मंचामुळे. मंचावरून हद्दपार झाल्यासारखे वाटणारे जुन्या धाटणीचे सिंथेसायझर मात्र स्टुडिओत परत आले आहेत.

अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांच्या कंपनीचा मिनीमूग १९७० मध्ये आला. ४४ पट्ट्या, तीन ऑसिलेटर (मूळ कंपन देणारे भाग), आणि एका वेळी एकच सूर. आवाज साठवून ठेवण्याची सोय नव्हती, त्यामुळे बटणांच्या जागा कागदावर टिपून ठेवायच्या आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात अंधारात त्या पुन्हा जुळवायच्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य केरसी लॉर्ड यांनी रुळवले. पण स्टुडिओत पुन्हा टेक घेता येत होता, मंचावर ती मुभा नव्हती. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्सने प्रॉफेट-५ आणला. त्यात पाच सूर एकत्र वाजत आणि मायक्रोप्रोसेसरच्या आधारे ४० आवाज साठवता येत. एक बटण दाबले की ठरवलेला आवाज जसाच्या तसा हजर, ही गोष्ट मंचावरील वादकासाठी सुरांच्या संख्येपेक्षाही मोठी होती.

१९८३ या वर्षात दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत अमेरिकेतील नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका वायरने जोडून वाजवली गेली. वाद्यांनी एकमेकांना सूचना देण्याच्या मिडी या सामाईक पद्धतीची हीच सुरुवात. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधलेली एफएम पद्धत, म्हणजे एका कंपनाने दुसऱ्याची वारंवारता हलवून आवाज घडवणे, त्यात होती. एका वेळी १६ सूर, सहा ऑपरेटर (अशी कंपने देणारे भाग), आणि आवाज घडवायला इतका किचकट की बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेले तयार आवाज, म्हणजे टोनच, वाजवले. स्वतः आवाज घडवण्याऐवजी तयार टोन निवडण्याची सवय इथून लागली, आणि वर्कस्टेशनची बाजारपेठ याच सवयीवर उभी राहिली.

तोवर फेअरलाइट, सिंक्लाव्हियर यांसारख्या महागड्या यंत्रांत आणि एन्सॉनिकच्या ईएसक्यू-१ मध्ये सिक्वेन्सर होता. पण वर्कस्टेशन म्हणजे काय हे लोकांच्या मनात पक्के केले ते कॉर्गच्या एम-१ ने (१९८८). चार मेगाबाइट ध्वनिनमुने, आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर, ड्रम, इफेक्ट्स असा सगळा संसार त्यात होता. एका वेळी वाजणारे एकूण सूर मात्र १६. पियानोवर स्ट्रिंग्जचा थर (लेअर) चढवला की प्रत्येक पट्टीमागे दोन आवाज खर्ची पडत आणि हातात आठच सूर उरत. नववी पट्टी दाबली की आधीचा एक सूर गपकन तुटे. आजच्या यंत्रांत १२८ किंवा २५६ सूर असतात ते याचसाठी. हात दहा बोटांचेच असले तरी लेअर, पेडल आणि मागे वाजणारा ट्रॅक मिळून सूर भराभर संपवतात. पुढे कॉर्गचे ट्रिटन (१९९९) व क्रोनोस (२०११), यामाहाचे मोटिफ (२००१) आणि रोलँडचे फँटम या मालिकांनी हीच वाट रुंद केली.

मग संगणक आला. रेकॉर्डिंग, संपादन, मिक्सिंग मोठ्या पडद्यावर होऊ लागले आणि कीबोर्डच्या छोट्या खिडकीत एकेक सूर दुरुस्त करणे ही शिक्षा वाटू लागली. यामाहाने मोटिफनंतर २०१६ मध्ये माँटाज आणला, तेव्हा त्यात मोटिफसारखा पूर्ण सिक्वेन्सर नव्हताच. पॅटर्न सिक्वेन्सरची भर नंतरच्या अपडेटमध्ये पडली. स्टुडिओत वर्कस्टेशनचे आवाज सॉफ्टवेअरमध्येही मिळतात, म्हणून तिथे ते घेण्याचे कारण उरले फारच थोडे. उलट हाताने फिरवायची बटणे, दर वेळी जरासा वेगळा लागणारा ॲनालॉग सूर, या गोष्टी माउसने साधत नाहीत. मिनीमूग २०१६ मध्ये पुन्हा बनवला गेला, प्रॉफेट-५ २०२० मध्ये परत आला. स्टुडिओसाठी एकच कीबोर्ड घ्यायचा असेल, तर मिडी नीट देणाऱ्या चांगल्या पट्ट्या आणि स्वतःचा ठसा असलेला एखादा सिंथेसायझर, हा हजार टोनच्या यंत्रापेक्षा शहाणा सौदा ठरतो.

मंचावरचे गणित वेगळे. तिथे टोन किती आहेत यापेक्षा टोन बदलताना काय होते ते पाहावे. जुन्या यंत्रांत पुढचा टोन निवडला की आधीच्या स्ट्रिंग्जची शेपटी कचकन कापली जाई. क्रोनोस, माँटाज यांसारख्या यंत्रांत धरलेला सूर विरेपर्यंत जुना टोन चालू राहतो. पट्ट्यांचे भाग पाडून डावीकडे बेस, मध्ये पियानो, उजवीकडे बासरी लावता आली पाहिजे आणि हे सगळे गाण्यांच्या क्रमाने एका यादीत बसले पाहिजे. वजनही पाहावे लागते. ८८ पट्ट्यांचा क्रोनोस सुमारे २३ किलोचा, तर ६१ पट्ट्यांचा रोलँड जुनो-डीएस सव्वापाच किलोच्या आसपास. जिना चढून जाणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

खुल्या मैदानातील कार्यक्रमात विजेचा भरवसा नसतो. क्रोनोसच्या आत लिनक्सवर चालणारा संगणक आहे आणि तो पूर्ण सुरू व्हायला दोनेक मिनिटे लागतात. जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली, तर गायक मुखड्यावर आणि वादक कोऱ्या पडद्यासमोर! छोटा यूपीएस सोबत ठेवणे हाच यावर उपाय. साधा सिंथेसायझर काही सेकंदांत परत उभा राहतो, ही त्याची दुर्लक्षित जमेची बाजू.

आपल्याकडच्या वाद्यवृंदात कीबोर्डला सनई, सारंगी, बासरीची जागा भरून काढावी लागते, आणि तिथे डाव्या हाताची परीक्षा असते. बेंडरची, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या कळीची, पल्ला-मर्यादा सहसा दोन अर्धस्वरांवर लावलेली असते. गंधारापासून पंचमापर्यंतची मींड तीन अर्धस्वरांची, म्हणजे त्यात ती बसतच नाही. मर्यादा वाढवून घ्यावी लागते. फार वाढवली, बारापर्यंत नेली, तर अंगठा जरा हलला तरी सूर घसरतो. तीन-चारावर हात बसतो. रोलँडची आडवी कळ, यामाहाची दोन चाके आणि कॉर्गची जॉयस्टिक यांवर मींड वेगवेगळी निघते, म्हणून विकत घेण्याआधी टोन ऐकण्याइतकाच बेंडर हलवून पाहावा. आणखी एक खुबी : खाली तानपुऱ्याचा लेअर असेल तर त्या भागाचा बेंड शून्यावर ठेवावा, नाहीतर मींडेबरोबर षड्जही प्रवासाला निघतो.

गायकाने ‘काळी दोन’ म्हटले की पांढरी एकवर सराव केलेला वादक ट्रान्सपोज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा सूर एकदम सरकवण्याची सोय, तीन अर्धस्वरांनी वाढवतो. सोबत हार्मोनियम असेल तर तेवढ्याने भागत नाही. पेटी ४४० हर्ट्झपासून किंचित चढी किंवा उतरलेली असू शकते. तेव्हा कीबोर्डचे मास्टर ट्यून पेटीला जुळवायचे, कारण पेटी मंचावर बदलत नाही. भारतीय वाद्यांचे टोन आणि यूएसबीवरून ध्वनिनमुने भरण्याची सोय असलेला रोलँडचा एक्सपीएस-१० आपल्याकडच्या वादकांत रुळला तो या गरजांमुळेच. सिक्वेन्सरसाठी कोणी तो घेत नाही.

जुने यंत्र घेणाऱ्याने आवाजाआधी साठवणुकीची चौकशी करावी. एम-१ मधील टोन आतल्या बॅटरीच्या जोरावर टिकतात. ती संपली की यंत्र मुके होते आणि टोन मिडीने पुन्हा भरावे लागतात. रोलँड एक्सपी-८० आणि ट्रिटन यांना फ्लॉपी लागते. फ्लॉपीच्या खाचेत बसणारे यूएसबीचे पर्यायी ड्राइव्ह बाजारात मिळतात, मात्र ते त्या मॉडेलला चालते ना, हे पैसे देण्याआधी लावून पाहिलेले बरे.